प्रॉम्प्टरला रंगमंचावर यायचंय

माझ्या धाकट्या बहिणीने डिचोलीत शेजारणीला कौतुकाने सांगितलं, "आमचा बाबू आता फ्रंट ऑफिसला जायच्या प्रयत्नात आहे." शेजारणीने विचारलं, "बरं झालं गो, कुठल्या हॉटेलात?"

गोव्यात हा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. आपल्याकडे फ्रंट ऑफिस म्हणजे हॉटेलचं रिसेप्शन. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत या नावाचा विषयच शिकवतात. बहिणीचा चेहरा मात्र उतरला. परदेशी बँकेत चार वर्षं काढलेला मुलगा आता खोल्यांच्या चाव्या देत उभा राहणार की काय, म्हणून रात्री मला फोन. मी बँकेत एकतीस वर्षं काढली. त्यातली पहिली अकरा मागच्या खोलीत, उरलेली पुढच्या. त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

प्रश्न एकट्या बाबूचा नाही. जगभरातल्या कंपन्यांनी आपली आतली कामं भारतात आणली आहेत. अशा केंद्रांना जीसीसी म्हणतात, म्हणजे ग्लोबल कपॅबिलिटी सेंटर. २०२३-२४ मध्ये देशात अशी १,७०० हून जास्त केंद्रं होती आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास माणसं काम करत होती. त्यांतली बरीच केंद्रं बँकांची आहेत. गोव्यातून बी.कॉम. होऊन पुण्याला किंवा बंगळूरला गेलेली कितीतरी मुलं तिथे लागतात आणि घरी सांगतात, बँकेत आहे. दोन-तीन वर्षांनी त्यांना उमगतं की ज्यांचे पगार आणि बोनस ऐकून आपण या धंद्यात आलो ती माणसं वेगळ्याच मजल्यावर बसतात, बऱ्याचदा वेगळ्याच देशात. मग विचारणा सुरू होते: तिकडे जायचं कसं?

एका सौद्याच्या मागे चालत जाऊ

समजा एका म्युच्युअल फंडाला पन्नास कोटींचे सरकारी रोखे घ्यायचे आहेत. रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाची पावती. ती बाजारात विकता येते. फंडाचा माणूस बँकेच्या डीलरला भाव विचारतो. डीलर भाव सांगतो, सौदा ठरतो. याला मिनिटही लागत नाही. इथे बँक कमावते किंवा गमावते. हे फ्रंट ऑफिस.

आता मधली खोली, मिडल ऑफिस. या डीलरला एवढा मोठा सौदा करायची मर्यादा होती का? त्याच्याकडच्या सगळ्या रोख्यांची आजच्या बाजारभावाने किंमत किती? काल नफा दाखवला होता, तो खरा होता का? हे बघणारी माणसं डीलरच्या हाताखाली नसतात, आणि ते मुद्दाम केलेलं असतं.

मग बॅक ऑफिस. समोरच्या पक्षाकडून सौद्याचा दुजोरा घ्यायचा, दोन्हीकडच्या नोंदी जुळवायच्या, रोखे गेले का, पैसे आले का ते बघायचं, वहीत नोंद करायची. याला सेटलमेंट आणि रिकन्सिलिएशन म्हणतात. आपल्या भाषेत, देणंघेणं पुरं करणं आणि ताळमेळ घालणं. आपल्यासारख्या सामान्य माणसाला ही खोली दिसत नाही, पण तिचा वेग आपण रोज भोगतो. २७ जानेवारी २०२३ पासून भारतात सगळ्या शेअरांचा व्यवहार सौद्यानंतरच्या लगेचच्या कामाच्या दिवशी पुरा होतो. त्याआधी आणखी एक दिवस लागायचा. तो एक दिवस वाचवताना मागच्या खोलीतल्या किती लोकांच्या संध्याकाळी गेल्या, याची बातमी कुठे झाली नाही.

ही झाली ट्रेझरीची गोष्ट, म्हणजे बँकेच्या ज्या विभागात रोख्यांचे असे सौदे होतात त्याची. कर्जाच्या धंद्यात फ्रंट ऑफिस म्हणजे उद्योजकाशी बोलून कर्जाचा प्रस्ताव मांडणारा. श्रीमंत ग्राहकांच्या पैशाच्या बाबतीत रिलेशनशिप मॅनेजर, म्हणजे आरएम. गुंतवणूक बँकेत, कंपन्यांची खरेदी-विक्री जमवणारे आणि भांडवल उभं करून देणारे. नावं वेगळी, खूण एकच: ज्याच्या निर्णयामुळे किंवा ओळखीमुळे बँकेकडे पैसा येतो तो पुढे, आणि तो पैसा नीट पोचतो की नाही बघणारा मागे. बहिणीला मी हॉटेलच्याच भाषेत सांगितलं. पाहुणा परत येतो तो चादर स्वच्छ होती म्हणून, पण खोलीचा भाव काउंटरवर ठरतो. तिला ते पटलं. शेजारणीला तिने काय सांगितलं माहीत नाही.

सगळ्यांची वाक्यं पाठ, तरी नाटक पडलं

मागच्या खोलीतल्या हुशार माणसाची तक्रार ठरलेली असते: "काम तर मलाच जास्त कळतं. डीलर चूक करतो, दुरुस्त मी करतो." हे बहुतेक वेळा खरंही असतं.

आमच्या गावच्या जत्रेला संगीत नाटक असतंच. माझ्या लहानपणी एका वर्षी मुख्य नट आदल्या दिवशी तापाने पडला आणि विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरला उभं करावं लागलं. अख्खं नाटक त्याला तोंडपाठ, पदांसकट. तो एकही वाक्य चुकला नाही. पण समोरचं पात्र बोलत असताना याचे ओठ त्याच वाक्यावर हलायचे, आणि स्वतःची पाळी आली की नजर विंगेकडे जायची, तिथे आता कोण नाही हे माहीत असून. लोक हसले. नाटक पडलं.

मी पहिल्यांदा कर्ज समितीसमोर उभा राहिलो तेव्हा माझी तीच गत झाली. एका छोट्या कारखान्याचा प्रस्ताव होता. मी ताळेबंदाचा आकडा अन् आकडा सांगितला. समितीतल्या एका ज्येष्ठाने विचारलं, "हे सगळं छापलेलं आहेच. कर्ज द्यायचं का नाही?" मी म्हटलं, "कागदपत्रं पूर्ण आहेत, सर." खोलीत शांतता पसरली. ती शांतता मला अजून ऐकू येते.

मागच्या खोलीत चूक न होण्याचे पैसे मिळतात. पुढच्या खोलीत मत देण्याचे मिळतात, आणि ते मत कधी चुकणार हे धरूनच चालायचं असतं. शंभरांतला एक व्यवहार चुकला तर सेटलमेंटवाल्याची मान खाली जाते. शंभर सौद्यांतले चाळीस चुकले तरी डीलर चांगला असू शकतो, फक्त चुकलेल्यांत थोडं गेलं आणि जमलेल्यांत जास्त आलं पाहिजे. अकरा वर्षं पहिल्या प्रकारच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला दुसरी अंगवळणी पडायला ज्ञानापेक्षा सराव जास्त लागतो.

अंगणात उभा राहिलेला ट्रक

फरक आणखी नीट कळावा म्हणून घरचंच उदाहरण देतो. बाबूचे वडील, म्हणजे माझे भावोजी, खनिज वाहतुकीच्या धंद्यात होते. एक ट्रक होता. २०१० मध्ये कर्ज काढून दुसरा घेतला. तेव्हा डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रांग तुटत नसे. त्या कर्जाची फाईल मी नंतर पाहिली आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला, विमा चालू, जामीनदाराच्या सह्या जागच्या जागी, हप्त्यांचं वेळापत्रक चोख. मागच्या खोलीच्या दृष्टीने आदर्श फाईल.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक अंगणात उभा राहिला, पावसाळ्यात टायरांवर शेवाळ चढलं. असे ट्रक घरोघर. शेवटी सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी दिलासा योजना आणावी लागली.

फाईलमध्ये चूक नव्हती. चूक होती ती न विचारलेल्या एका प्रश्नात. ट्रकमालकाचं उत्पन्न खाणीवर. त्याचा जामीनदार कोण, तर दुसरा ट्रकमालक. टायरवाला, गॅरेजवाला, पेट्रोल पंप, चहाचा गाडा, सगळ्यांची मिळकत त्याच खाणीवर. एकाच विहिरीवर सगळ्यांचे पंप लावलेले, आणि बँक मात्र प्रत्येक पंपाचे कागद वेगवेगळे तपासून समाधानी. या प्रकाराला बँकेच्या भाषेत कॉन्सन्ट्रेशन रिस्क म्हणतात, एकवटलेली जोखीम. ती कुठल्याही एका कागदावर दिसत नाही. दहा फाईली शेजारी ठेवून बघणाऱ्याला दिसते. आणि दहा फाईली शेजारी कोणाच्या टेबलावर असतात? मागच्या खोलीतल्या माणसाच्या. त्याने तोंड उघडायचं असतं, एवढंच राहून जातं.

मग ही भिंत कशाला?

"इतकं सगळं मागच्याला दिसतं, तर त्याला पुढे येऊ द्यायला काय हरकत आहे?" बाबूने विचारलं. त्याला वाटत होतं की हा कॉलेजच्या नावाचा आणि इंग्रजी बोलण्याचा उच्च-नीच भेद आहे. थोडा आहेच, नाकारत नाही. पण भिंतीचं मूळ कारण वेगळं आहे.

म्हापशाच्या बाजारातल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, गल्ल्यावर बसणारा आणि वही लिहिणारा एकच का नसावा. बँकेत याच शहाणपणाचा नियम झाला आहे. बँकांच्या ट्रेझरीत पुढची, मधली आणि मागची खोली वेगळी ठेवा, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे.

नियम मोडल्यावर काय होतं त्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट निक लीसन या माणसाची. तो लंडनच्या बेरिंग्ज बँकेत सेटलमेंटमध्ये होता, म्हणजे बाबूसारखाच मागच्या खोलीत. कामात पटाईत. १९९२ मध्ये त्याला सिंगापूरला धाडलं आणि तिथे तो सौदेही करू लागला, पण सेटलमेंटचा कारभारही त्याच्याच हातात राहिला. तोटे तो ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात लपवत गेला. जानेवारी १९९५ मध्ये जपानात कोबेला भूकंप झाला, बाजार कोसळला आणि सगळं उघडं पडलं. तोटा ८२ कोटी पौंडांच्या वर. १७६२ साली स्थापन झालेली बँक अखेर एका पौंडाला विकली गेली.

तो एकटा नव्हे. २००८ मध्ये सोसिएते जेनेराल या फ्रेंच बँकेला ४.९ अब्ज युरोंना बुडवणारा जेरोम कर्व्हिएल आधी मिडल ऑफिसमध्ये होता. २०११ मध्ये यूबीएस बँकेचे २.३ अब्ज डॉलर घालवणारा क्वेकू अडोबोली आधी ऑपरेशन्समध्ये, म्हणजे मागच्या खोलीतच होता. तपासणी कुठे कच्ची आहे, कोणता रिपोर्ट कोणी उघडून बघत नाही, हे मागून आलेल्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. म्हणून मुलाखत घेणाऱ्याच्या मनात ही नावं असतात, तो बोलून दाखवत नाही इतकंच.

आपल्याकडचं उदाहरण २०१८ चं, पंजाब नॅशनल बँकेचं. बँका एकमेकींना ज्या यंत्रणेतून संदेश पाठवतात ती स्विफ्ट, आणि बँकेची स्वतःची संगणकीय वही, या दोन्ही जोडलेल्या नव्हत्या. हमीचे संदेश परदेशी जात राहिले, वहीत नोंद नाही. १३ हजार कोटींहून जास्त रक्कम अडकली. त्याच वर्षी १३ मार्चला रिझर्व्ह बँकेने लेटर ऑफ अंडरटेकिंग हा हमीचा प्रकारच बंद केला.

या सगळ्या प्रकरणांत घात केला तो एका माणसाकडे दोन्ही चाव्या राहिल्याने, किंवा दुसरी चावी कोणाकडेच नसल्याने. मागून पुढे येण्यात घात नाही. तेव्हा पुढे जाणाऱ्याने मागची चावी खाली ठेवली पाहिजे, आणि ती ठेवायला आपण तयार आहोत हे आपणहून सांगितलं पाहिजे. मी अशा मुलाखती घेतल्या आहेत. "मला पुढे घेतलंत तर माझ्या जुन्या सिस्टीमचे अधिकार पहिल्या दिवशी काढून घ्या," असं एका मुलीने न विचारता सांगितलं होतं. तिला मी घेतली.

दारं कुठे आहेत

भिंतीवरून उडी मारून कोणी जात नाही. पुण्याच्या केंद्रात सेटलमेंट करणारा मुलगा एकदम लंडनच्या ट्रेडिंग डेस्कवर गेला असं ऐकलं, तर तो अपवाद समजायचा. तिथे भिंतीसोबत समुद्र आणि व्हिसाही असतो. पण शेजारच्या खोलीचं दार बहुधा नुसतं लोटलेलं असतं.

मला सगळ्यांत आवडतं ते परदेश व्यापाराचं दार, कारण मी तिथूनच गेलो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा औषध कारखाना परदेशी माल पाठवतो. पैसे मिळतील की नाही ही धास्ती घालवायला खरेदीदाराची बँक एलसी देते, लेटर ऑफ क्रेडिट. म्हणजे, ठरलेली कागदपत्रं बरोबर आली तर पैसे आम्ही देऊ, हे वचन. यूसीपी ६०० या नियमावलीनुसार, जी १ जुलै २००७ पासून लागू आहे, बँक मालाकडे बघत नाही, कागदांकडे बघते, आणि तपासायला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस घेते. जहाजाच्या पावतीवरची तारीख एक दिवस पुढची निघाली, इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन वेगळं पडलं, की पैसे अडकले.

हे दोष रोज कोण बघतो? बॅक ऑफिस. कारखानदाराला भेटणाऱ्या आरएमला बऱ्याचदा त्यातलं ओ की ठो कळत नसतं. एका निर्यातदाराचे कागद तिसऱ्यांदा त्याच दोषापायी परत जात होते. पत्र पाठवायची पद्धत होती, मी साहेबांना विचारून फोन केला आणि सांगितलं, "पुढच्या वेळी एलसी उघडतानाच ही अट काढून घ्या. हा दाखला तुम्हाला कधीच वेळेत मिळणार नाही." सहा महिन्यांनी त्याची मर्यादा वाढवायची बैठक होती, तर तो म्हणाला, त्या कागदवाल्यालाही बोलवा. माझं फ्रंट ऑफिस त्या दिवशी सुरू झालं, ऑर्डर दोन वर्षांनी हातात पडली.

दुसरं दार कर्ज विभागाचं. व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्यावर तो किती उचल करू शकतो, ते दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरतं. साठा किती, त्यातला उधारीवर आणलेला किती, उरलेल्यातून ठरलेलं मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याने स्वतः घालायचा वाटा, वजा. जी रक्कम येते तिला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. ती काढणाऱ्या कारकुनाला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी दिसते: तीन महिने साठ्याचा आकडा तोच आहे. माल विकला जात नाही, किंवा स्टेटमेंट घरी बसून भरलंय. हे नुसतं टिपून ठेवलं तर ऑपरेशन्स. दोन ओळींत शक्यता मांडून कर्ज अधिकाऱ्याला दिलं, तर पुढच्या वेळी तो तुम्हाला कारखान्याच्या भेटीला सोबत नेतो.

ट्रेझरीकडे जायचं तर मधली खोली हीच पायरी. जोखीम मोजणारे आणि डीलरचा रोजचा नफा-तोटा ताडून बघणारे लोक डेस्कशी दिवसातून दहा वेळा बोलतात. तिथे दोन-तीन वर्षं काढल्याशिवाय डीलरला तुमचं नाव माहीत होत नाही. केवायसीवाल्यांना, म्हणजे ग्राहकाची ओळख तपासणाऱ्यांना, वेल्थ मॅनेजमेंटकडे, श्रीमंतांचा पैसा सांभाळण्याकडे, जाता येतं, ते तुलनेने सोपं.

मोठ्या बँकांत आतल्या आत अर्ज करायची सोय असते, आयजेपी म्हणतात तिला, इंटर्नल जॉब पोस्टिंग. हिच्यासाठी सध्याच्या जागी ठरावीक काळ काढलेला लागतो आणि बहुतेक ठिकाणी साहेबाची मान हलावी लागते. इथे एक अडचण असते. तुम्ही जितके चांगले, तितका साहेब सोडायला नाखूश. म्हणून आपलं काम दुसऱ्याला शिकवून ठेवावं. "मी गेलो तर हे कोण करणार?" याचं उत्तर तुमच्याकडेच असेल तर साहेबाचा नकार निम्मा ढिला पडतो.

सरकारी बँकेत असाल तर चित्र निराळं आहे. तिथे अधिकाऱ्याची बदली होत राहते. आज कर्ज विभाग, उद्या शाखा, परवा वसुली. भिंत आहे ती कारकून आणि अधिकारी यांच्यात, आणि तिच्यासाठी खात्यांतर्गत परीक्षा असते.

"सीएफए केलं की होईल ना?"

अर्धवट हो. सर्टिफिकेटं दोन जातींची असतात. काही लायसन्ससारखी: म्युच्युअल फंड विकायचा तर एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेची त्या विषयाची परीक्षा पास असावीच लागते, आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. काही पदवीसारखी: सीएफएच्या, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्टच्या, तीन पातळ्या, शिवाय किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित अनुभव. बँकेतल्यांसाठी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा आहेत, त्यांनी पगारवाढ आणि बढतीला हातभार लागतो. ही सगळी उपयोगी. पण लायसन्स असलेला प्रत्येक जण चोर्ला घाटात गाडी नीट नेईलच असं नाही.

एक साधं उदाहरण. व्याजदर वाढले की जुन्या रोख्याचा भाव पडतो, हे प्रत्येक पुस्तकात असतं. सात टक्के व्याजाचा, दहा वर्षं मुदतीचा रोखा शंभराला घेतला आणि बाजारातला दर आठ टक्क्यांवर गेला, तर त्याचा भाव साधारण ९३ होतो. परीक्षेत इतकं पुरतं. मुलाखतीत यापुढचं विचारतात: मग आता कोण विकायला धावेल, कोण घ्यायला टपून बसलंय, आणि तुम्ही काय कराल? इथे सर्टिफिकेटवाला गप्प होतो.

म्हणून बाबूला मी सांगितलं, महिन्याला एक टिपण लिही. एक पान, फार तर दोन. एक कंपनी किंवा एक कर्ज किंवा एक रोखा घे. द्यावं की देऊ नये, घ्यावं की घेऊ नये, ते पहिल्या ओळीत लिही. मग कारण. आणि शेवटी हेही लिही की काय घडलं तर मी चुकलो असं मानेन. सहा महिन्यांनी ते काढून वाच. फक्त बँकेतल्या ग्राहकाची माहिती त्यात येता कामा नये. बाहेर छापून आलेल्या आकड्यांवर लिही. नाहीतर पुढच्या खोलीत जाण्याआधी बाहेरचा रस्ता दिसेल.

गुंतवणूक बँकेतच जायचं असेल तर मात्र एमबीए किंवा सीए लागतंच असं धरून चाला. तिथली भरती बरीचशी कॅम्पसवरून होते. साखळीच्या बाजूला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, घरापासून लांबही जावं लागत नाही. पण त्याचं कर्ज काढण्याआधी आपल्याला तो धंदा आवडतो की त्याचा बोनस आवडतो, हे एकदा तपासावं.

"शेवटी विमाच विकायचा ना?"

ही शंका बाबूची नाही, त्याच्या आईची. आणि ती रास्त आहे. जाहिरातीत रिलेशनशिप मॅनेजर लिहिलेलं असतं, रुजू झाल्यावर हातात विम्याचं टार्गेट येतं. मार्च जवळ आला की ओळखीचे लोक फोन उचलेनासे होतात. साठीच्या माणसाची मुदत ठेव मोडून त्याच्या गळ्यात दहा वर्षांची पॉलिसी मारणं याला मी फ्रंट ऑफिस म्हणत नाही, बँक काय वाटेल ते म्हणो.

ओळखायचं कसं? मुलाखतीत विचारा की या जागेवरच्या माणसाचं गेल्या वर्षीचं काम कशावर मोजलं. उत्तरात किती पॉलिसी आणि किती खाती एवढंच आलं तर ती विक्री आहे. कर्जाची परतफेड, ग्राहक टिकला का, व्यवहारातलं उत्पन्न असं काही आलं तर पुढे बोला. आणि विचारा की भाव ठरवण्यात त्याचा हात किती असतो. विक्रीत कमीपणा नाही. तिला दुसरं नाव देऊन पोरांना फसवू नये इतकंच.

गोव्यात राहून जमेल?

काही जमेल, काही नाही. गोव्यात बँकांकडे ठेवी उदंड आणि त्या मानाने कर्जं थोडी. आखातातले, इंग्लंडातले, जहाजावरचे तारवटी, सगळ्यांचा पैसा पणजी-मडगावच्या शाखांत येऊन पडतो. म्हणजे श्रीमंत आणि अनिवासी ग्राहकांचा पैसा सांभाळणाऱ्या आरएमला इथे काम आहे. हॉटेलं आणि औषध कारखान्यांची कर्जं आहेत. कोकणी, मराठी, इंग्रजी तिन्ही सफाईने बोलणारा आणि पावसाळ्यात हॉटेलचा गल्ला किती खाली येतो हे न विचारता जाणणारा माणूस मुंबईहून आणता येत नाही. ट्रेडिंग आणि गुंतवणूक बँकिंग मात्र मुंबईला. सेबी तिथे, शेअर बाजार तिथे, बँकांच्या ट्रेझरी तिथे. ते हवं तर गाव सोडायला लागेल.

वय विचाराल, तर ट्रेडिंगला तिशीनंतर अवघड, कर्ज आणि व्यापार वित्तात चाळिशीतही जमतं, कारण तिथे ग्राहकाला पिकलेले केस आवडतात. एआयने मागच्या खोलीतली कामं कमी होतील हेही खरं दिसतं. नोंदी जुळवण्याचं काम आधीच यंत्राकडे चाललंय. पण जुळत नसलेली नोंद हातात घेऊन "हे असं का?" विचारायला माणूस लागतो, आणि तो मागून येतो.

बाबूने पहिलं टिपण लिहिलं ते मी सुचवलेल्या कंपनीवर नाही. २०१० चं वडिलांचं ट्रकचं कर्ज घेतलं, जणू तो तेव्हाचा कर्ज अधिकारी आहे आणि २०१२ अजून कोणी पाहिलेलं नाही. गणपतीला घरी आला तेव्हा जेवताना भावोजींनी विचारलं, "मग काय, तू असतास तर मला ट्रक दिला असतास?"

बाबू म्हणाला, "पहिला दिला असता. दुसरा नाही."

भावोजी त्या दुपारी कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी आरती झाल्यावर कपाटातून वाहतुकीच्या जुन्या बिलांचं पुडकं काढलं, धूळ झटकली आणि बाबूपुढे ठेवलं. "दोन हजार अकराची आहेत. पैसे तेव्हाच उशिरा यायला लागले होते. हे पण घाल त्यात."